सहा गाठींची दोरी

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की चहा ठेवायच्या निमित्ताने पहिली उठणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण नवरा म्हणाला, "लिहून काढ एकदाचं, माझं डोकं खाऊ नकोस." म्हणून बसले लिहायला.

मी धुळ्याची. अंध मुलांच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं आणि रिटायर झाले. घरात बसवेना. मग महिन्यातून एका रविवारी सकाळी जुन्या धुळ्यात फेरी सुरू केली, ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी. पांझरा नदीच्या पुलापासून निघायचं आणि जुन्या गल्ल्यांतून सावकाश फिरायचं. सागवानी खांबांवरची नक्षी हाताने बघायची, भिंतीतल्या घोडे बांधायच्या कड्या चाचपायच्या, मिरचीच्या गिरणीपाशी थांबून यथेच्छ शिंकायचं. शेवटी पोहे आणि चहा.

माझी एक पद्धत आहे. जाड सुती दोरी, तिला दोन-दोन हातांवर सहा गाठी. पुढचं टोक माझ्या हातात, मागे प्रत्येकाच्या हातात एक गाठ. थांबा आला की मी "मोजा!" म्हणते आणि पुढून मागे प्रत्येकजण आपला आकडा बोलतो. सहा ऐकू आलं की कुणी सुटलेलं नाही. दोरीच्या मागे चाकांच्या खुर्चीत पाटील सर आणि खुर्ची ढकलायला माझा नवरा. त्या दोघांना अगदी स्वच्छ दिसतं, हे लक्षात ठेवा.

गेल्या हिवाळ्यात हमीदाआपा आल्या. वय सत्तरच्या आसपास. सातव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. वडील पिंजारी, याच भागात त्यांचं कापूस पिंजायचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान विकलं, घर मोहल्ल्यात हललं, आणि त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात आपा लेकीकडे सुरतेला कायमच्या जाणार होत्या.

"दुकानाच्या दाराच्या उजव्या दगडाला एक खाच होती," त्या म्हणाल्या. "अब्बा पिंजणाची तात, ती आतड्याची चिवट दोरी, त्या दगडावर घासून बघायचे, त्याने पडलेली. माझ्या खांद्याशी यायची. मी त्यात बोट घालून बसायची. बेटा, एकदा तिथं बोट घालू दे, मग मी खुशीनं जाते."

एवढंच मागणं! मी छातीठोकपणे हो म्हटलं.

तीन वेळा जाऊन आले. दार न् दार बघितलं. एका जुन्या शिंप्याने बोटाने दाखवलं, "पिंजारी? ह्या बोळात होता वाटतं." त्या बोळातल्या सगळ्या दगडांवरून खांद्याच्या उंचीला हात फिरवला. काही नाही. रविवार तर उद्यावर आला. आपांना 'सापडलं नाही' म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग मी काय केलं, ते सांगायला लाज वाटते. बोळाच्या पुढे, मोठ्या गल्लीत एका बंद दुकानाच्या दगडाचा टवका उडालेला होता. बोट जात होतं. मी ठरवलं, हाच दाखवायचा. बाईचं समाधान होईल, कुणाचं काय जातंय? हे मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. जन्मभर ज्या मुलांना मी सांगत आले की तुम्हाला कुणी फसवू शकत नाही, त्यांच्यातल्याच एकीला फसवायला निघाले होते.

रविवारी आपांनी हट्टाने शेवटची गाठ घेतली. "तू पुढून ओढतेस होय?" म्हणाल्या. "माझे अब्बा मागे राहायचे. जुनी तात माझ्या कमरेला, दुसरं टोक त्यांच्या हातात. मी पुढे चालायची. चुकले की मागून फक्त एक झटका. बोलायचे नाहीत."

"बरं बाई, आज माझं ऐका," मी म्हटलं. सगळे हसले.

फेरी छान चालली होती. शिंप्याचा बोळ मागे टाकला आणि टवक्याचा दगड वीस-पंचवीस पावलांवर दिसायला लागला. उगाच वेळ काढायला मी थांबवलं आणि म्हटलं, "मोजा!"

एक. दोन. तीन. चार. साक्रीचा संतोष म्हणाला, पाच. आपा म्हणाल्या, सहा.

आणि मग, अगदी शांत, एका पुरुषाचा आवाज... "सात."

"कुणाचा चावटपणा आहे हा?" मी खेकसले.

"मी नही ताई!" संतोष दचकून म्हणाला. "आपाना मांगे कोन शे?"

मी वळून बघितलं. आपा, त्यांच्या मागे दोरीचं उरलेलं टोक, आणि त्यामागे खुर्चीत पाटील सर. नवऱ्याने खांदे उडवले. म्हटलं, जाऊ दे, एखाद्या ओट्यावरून कुणी बोललं असेल. मी पुढे निघाले.

दोरीला झटका बसला. मागून. जोराचा नाही, पण मला थांबावंच लागलं. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा झटका. "आपा, ओढू नका हो." मी मागे वळून बघितलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाहीये. लहान पोरीसारख्या त्या हसत होत्या. मग त्या वळल्या आणि सरळ चालायला लागल्या. नवऱ्याने घाईने खुर्ची बाजूला घेतली. आपांमागे संतोष, त्याच्यामागे बाकीचे, आणि शेवटी मी! रांग उलटी झाली आणि शिंप्याच्या बोळात शिरली.

तिसऱ्या दारापाशी आपा थांबल्या. उजव्या दगडाला हात लावला, हात खाली खाली नेला आणि फतकल मारून जमिनीवर बसल्या. गुडघ्याच्याही खाली, रस्त्याला जवळजवळ टेकलेली, बोटाएवढी गुळगुळीत खाच. तिथं त्यांचं बोट अलगद बसलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी शोधत होते माझ्या खांद्याशी, आणि त्या सांगत होत्या बसलेल्या सात वर्षांच्या पोरीच्या खांद्याचं. शिवाय एवढ्या वर्षांत काँक्रीटवर काँक्रीट पडून रस्ता वर आलेला. पंचवीस वर्षं शिकवून ही अक्कल! मी तिथंच भिंतीला टेकून रडले. बाकी सगळे आळीपाळीने खाचेत बोट घालून बघत होते.

पाटील सर गणिताचे मास्तर. देवळातसुद्धा जात नाहीत. पोहे खाताना हळूच म्हणाले, "मॅडम, दोरीचं मागचं टोक एरवी जमिनीवर लोळतं. आज लोळत नव्हतं."

"म्हणजे?"

"ताठ होतं. कुणी धरल्यासारखं. मी चष्मा पुसून पाहिला."

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी चाकाकडे बघत होतो." त्याला त्यापुढे बोलायचं नव्हतं, हे मला कळलं.

मी सगळं जुळवून बघितलंय. आपांना जुन्या वळणाची आठवण आली असेल, दोरी त्यांनीच ओढली असेल. मान्य. पण 'सात' आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि मी चुकीच्या दगडाकडे चाललेय, हे माझ्याशिवाय एकालाही ठाऊक नव्हतं. इथं माझं डोकं चालेनासं होतं, आजही.

महिन्याभराने सुरतेला फोन केला. मन खात होतं, म्हणून खोट्या दगडाचं सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"बेटा," आपा म्हणाल्या, "हात लावताच मला कळलं असतं. पण तू इतकी वणवण केलीस, तुझं मन मोडवलं नसतं मला. हाच तो दगड, असं म्हणून मी तशीच गेले असते." मग हसल्या. "म्हणून तर अब्बांना यावं लागलं."