एकोणतीस नंबर

आमच्या संख्याशास्त्र विभागात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणायचे. पेपर इतके बारीक तपासायच्या की पोरं म्हणायची, बाईंच्या हातून सुटलात तर देवाच्याही हातून सुटाल. मी तिथला कारकून. तीस वर्षं खुर्ची झिजवली, पण असं खुळं माणूस दुसरं पाहिलं नाही.

विद्यापीठाचा नियम असा, की विषय शिकून पोरांना काय काय जमायला लागलं ते पाच मुद्द्यांत लिहायचं. जमलं तर 'साध्य'. सत्तर टक्के साध्य झालं की विभाग पास. आणि हा तक्ता मागायचे कधी, तर शिकवून संपायच्या महिनाभर आधी! बाकीचे मास्तर एका चहात भरून मोकळे. बाई मात्र एकेकाला समोर बसवून विचारायच्या, "हा आकडा काय सांगतो, तुझ्या शब्दांत सांग."

आठ वर्षं त्या कंत्राटावर होत्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली. यंदा कायम करतो म्हणून शब्द मिळाला होता. आणि नेमका यंदाच आकडा आला एक्केचाळीस टक्के.

विभागप्रमुख म्हणाले, "बाई, विभागच नापास झाला तर तुम्हाला कायम कशाच्या जोरावर करू? तेवढं सुधारा."

बाई माझ्या कॉम्प्युटरवर बसल्या. वरची दहा नावं होती तशी ठेवली. अकराव्यापुढे पाच वेळा 'साध्य' लिहिलं आणि ती ओळ थेट त्रेचाळिसाव्यापर्यंत खाली ओढली. मी शेजारी बसून बघत होतो.

तपासणीला बाहेरची समिती आली. अध्यक्षांनी तक्त्यावर सहज बोट ठेवलं. "एकोणतीस नंबर. पाचही साध्य. बोलवा हिला, दोन प्रश्न विचारतो."

ती पोरगी दोन महिन्यांपूर्वी तापाने गेली होती. नाव कमी करायला वडिलांचा अर्ज लागतो. तो मागायची माझी हिंमत झाली नव्हती, म्हणून नाव तसंच राहिलं होतं.

"आज रजेवर आहे ती," प्रमुख पटकन म्हणाले आणि बाईंकडे बघू लागले.

बाई उठल्या. "ती वारली, साहेब. गेली तेव्हा तिला सरासरीसुद्धा धड येत नव्हती. शिकवत होते मी. हे साध्य खोटं आहे. अकरापासून खाली सगळं मीच खोटं भरलंय."

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. "मयत विद्यार्थिनीची नोंद काढून तक्ता पुन्हा पाठवा," एवढंच म्हणाले.

ती ओळ मीच काढली. टक्केवारी जेमतेम हलली. विभाग पासच राहिला.

बाईंना कमी केल्याचं पत्रही मीच टाईप केलं, मीच नेऊन दिलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "शेवटचा धडा राहिलाय. तो कोण घेणार?"

"बघू," मी म्हणालो.

कुणी घेतला नाही. पाचवा मुद्दा त्याच धड्यावर होता. समितीला पाठवायच्या तक्त्यात पहिली दहा सोडून सगळ्यांपुढे तो साध्य होता. खाली शिक्षकाची सही तेवढी हवी होती. प्रमुख म्हणाले, तुम्हीच करा. मी केली.