युरिया खाणारं सिमेंट

किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही. ट्रॉली कितीही झाडली तरी कोपऱ्यात थोडी माती राहतेच, तसे ते राहून जातात. मी नववीत शाळा सोडली आणि काकांचा ट्रॅक्टर धरला. दोन हजारनंतरची ती वर्षं. जालन्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला माती पोचवता पोचवता तिथल्या लॅबमध्ये मी कधी रमलो, ते कळलंच नाही.

लॅब वैशाली मॅडमची. त्यांची पीएचडी जिवाणूंच्या सिमेंटवर चालू होती. हे जिवाणू युरिया खातात आणि मातीच्या कणांमध्ये चुनखडीसारखं काहीतरी सोडतात. त्यानं माती घट्ट होते. बाटलीत हे सगळं जमलं होतं. पण मॅडमच्या गाईडनं, म्हणजे मोठ्या सरांनी, बजावलं होतं, "खऱ्या जमिनीवर दाखवा. नाहीतर विषय सोडा." तीन वर्षांची मेहनत त्यावर अडकली होती.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी काळी माती मागितली. मी आमच्या मळ्यातली निवडून आणली.

"एक नंबर माती हाय मॅडम! कापूस छातीएवढा येतो."

"माधव, मला कापूस नाही लावायचा. मला सगळ्यात वाईट माती हवी. पाण्यानं फुगणारी, उन्हात फाटणारी. जिच्यावर भिंत उभी राहत नाही, अशी!"

लॅब असिस्टंट रशीदभाई टेबल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग माझ्या घराखालची घेऊन जा ना! दर साल नवी भिंत बांधून राह्यलो!"

मॅडम खरंच त्यांच्या घरी गेल्या आणि पोतंभर माती घेऊन आल्या.

*

पेरणीच्या दिवसांत युरियाला ही मोठी रांग. मॅडम रांगेत उभ्या, मी त्यांच्या मागे. दुकानदारानं विचारलं, "किती एकर?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. "एकर नाही. प्रयोग आहे. जिवाणूंना लागतो."

"जिवाणूंना?" दुकानदारानं चष्मा काढला. "इथं माणसांना भेटून न्हाई राह्यला अन् तुम्ही जंतूंना घालता?"

रांगेत कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, आता रिकाम्या हातानं परत. तेवढ्यात मागून एक म्हातारा ओरडला, "दे रे जल्दी! खाऊन खाऊन खातील किती? एवढुशे तर जीव हायत!"

*

जिवाणूंनी युरिया खाल्ला की अमोनियाचा वास सुटतो. वास म्हणजे थेट एसटी स्टँडच्या मुतारीचा! मॅडम संकोचानं कोणाला सांगायच्या नाहीत. प्रिन्सिपॉल साहेबांना वाटायचं, संडास घाण आहे. ते दिवसातून कितीदा तरी संडास धुवायला लावायचे. तरी वास तसाच.

एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि दारातच नाकाला रुमाल लावून गरजले, "रशीद! बाथरूम साफ केलं का नाही?"

"साहब, बाथरूम बिलकुल साफ है," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "ये बू तो पीएचडी की है!"

*

त्याच साली घरच्यांनी मला भोकरदनला मुलगी बघायला नेलं. मी आधीच बुजरा. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?" ट्रॅक्टर चालवतो, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी म्हणालो, "ट्रॅक्टर चालवतो अन् जिवाणूंना खाऊ घालतो."

"किती हायत?"

"एका बाटलीत करोडो."

ते छताकडे बघून हिशेब करू लागले. मुलीनं पोहे ठेवले आणि तोंडाला पदर लावून पटकन आत गेली. आठ दिवसांनी निरोप आला, "पोरगा चांगला हाय. पण ज्या घरात एवढी तोंडं खायला, तिथं आमची पोरगी नको!"

*

शेवटी खऱ्या जमिनीवरची टेस्ट ठरली, परतूरजवळच्या एका गावात, शेवंतामावशींच्या अंगणात. मावशी माझ्या आईच्या ओळखीतल्या. मॅडमनी अंगणात दोन चौकोन आखले. एकाला जिवाणूंचं औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. दोन्हीतला फरक मोठ्या सरांना दिसला, तर पीएचडी पुढं सरकणार. रोज जाणं जमत नव्हतं, म्हणून औषधाचे ड्रम मावशींकडेच ठेवले आणि कोणत्या चौकोनाला काय घालायचं, ते नीट सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बराबर. काळजीच करू नका."

सर आले तेव्हा आठवडाभर पाऊस पडून गेला होता. त्यांनी लोखंडी सळई पहिल्या चौकोनावर दाबली. जाईना! आमच्यासोबत आलेल्या रशीदभाईंनी मला कोपर मारलं. मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

मग सरांनी सळई दुसऱ्या चौकोनावर दाबली. तिथंही जाईना.

"हा तर नुसत्या पाण्याचा ना?" सर म्हणाले. "औषध न घालताही माती तेवढीच घट्ट झाली आहे. मग तीन वर्षं तुम्ही केलं काय?"

मॅडम वाकून दोन्ही चौकोनांची माती चाचपू लागल्या. मी चपलेकडे बघत उभा राहिलो. मावशी चहाची ताटली घेऊन बाहेर आल्या.

"आवो सर, नुसतं पाणी कसं घालू? दोघं शेजारी शेजारी बसलेले. एकाला वाढायचं अन् दुसऱ्यानं त्याच्या तोंडाकडं बघायचं? मी निम्मं निम्मं घातलं दोघांला. माझ्या दारात असला दुजाभाव चालत न्हाई!"

मॅडमनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे औषध न घातलेली जमीन इथं नाहीच?" सर चिडून दोन पावलं मागं सरकले आणि चिखलात घोट्यापर्यंत रुतले. पाय निघाला, बूट आतच राहिला!

मावशींनी चहाची ताटली खाली ठेवली.

"तिथं न्हाई घातलं," त्या म्हणाल्या. "ते आमच्या जावंचं अंगण हाय."