अपलोडची मर्यादा
पिकलेल्या केळ्यांचा वास आला की मला यावलचे ते गुरुजी आठवतात. शाळांचे बंद पडलेले जुने संगणक चालू व्हावेत म्हणून आम्ही तिघा मित्रांनी मराठीतली एक मोफत संगणकप्रणाली बनवून टॉरेंटवर ठेवली होती, आणि पूर्ण फाइल फक्त जळगावच्या माझ्या संगणकावर होती; घेणाऱ्याला ती तिथूनच उतरवून घ्यावी लागे. धुळ्याच्या बैठकीत गुरुजींनी तिच्यातली माझी एक चूक सगळ्यांसमोर दाखवली होती, तो राग मनात होता. म्हणून त्यांचं डाउनलोड सुरू झालेलं दिसताच मी अपलोडच्या वेगावर मर्यादा घातली. दुपारी त्यांचा फोन आला. "भाऊ, फाइल मुंगीच्या चालीनं येतेय. उद्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येतील. संगणक बंद दिसले तर उचलून दुसऱ्या शाळेला देतील. वेग वाढतो का बघा ना." मी फोन स्पीकरवर टाकला, मित्रांना डोळा मारला, मर्यादा आणखी खाली ओढली आणि अहिराणीत टोमणा मारला. "गुरुजी, तुमची लाईनच म्हातारी शे, तुमच्यासारखी!" मित्र खिदळले. गुरुजीही हसले. "मग पेन ड्राइव्ह एसटीच्या कंडक्टरकडे देता का? मी स्टँडवर उभा राहतो." "मी काय कुरिअरवाला आहे?" म्हणत मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतले संगणक गेले. त्याच संध्याकाळी यावलच्या गाडीच्या कंडक्टरनं मला स्टँडवर बोलावून केळ्यांची एक फणी दिली. गुरुजींचा निरोप होता, "भाऊंनी खूप खटपट केली, त्यांना द्या." आम्ही ती केळी हसत हसत संपवली. आता मर्यादा काढून टाकली आहे, संगणक रात्रंदिवस चालू ठेवतो. ती फाइल घेणारं कुणी दिसत नाही.