गिरीजच्या परसात आलेला समुद्र

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, हसणारच तुम्ही. माझी बायको अजून हसते. भाजी निवडता निवडता मध्येच, काही कारण नसताना! तेव्हा चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

तर मी एकदा समुद्र शोधला होता. वसईत! आता वसईत समुद्र शोधायला काय लागतं? रिक्षावाल्याला सांगितलं की नेऊन सोडतो. पण मी शोधला तो माझ्या सासऱ्यांच्या परसात, स्वयंपाकघराच्या मागे.

मी मूळचा तासगावकडचा. आमच्याकडे उन्हाळ्यात एकदम पुष्कळ पाणी बघायचं म्हणजे टँकर. नोकरीपायी वसईत फ्लॅट घेतला आणि जवळच्याच गिरीज गावच्या नीलिमाशी लग्न झालं. तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मामांची, गिरीजला वाडी आहे. केळी, माड आणि मोगरा. मामांचा जीव त्या मोगऱ्यात. पण दोन उन्हाळे झाले, विहिरीचं पाणी खारट व्हायला लागलेलं. मोगऱ्याची पानं कडेनं जळायला लागली. मामा सकाळी एकेक पान उलटून बघायचे आणि न बोलता घरात यायचे. माणूस असा गप्प झाला की बघवत नाही हो.

शेवटी ठरलं, परसात नवी विहीर काढायची. तिथला जुना माड वाऱ्यानं पडला होता, जागा मोकळी होती. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, पावसाच्या आत काम उरकायला हवं. दहा ठिकाणी फोन करून मामांनी एक जेसीबी मिळवला.

आता नेमकं जेसीबी यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, काय झालं? आमच्या सोसायटीतले परब काका मला राजोडीच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या मॅडम लोकांना किनारा दाखवणार होत्या. मी गेलो होतो खरं तर नंतरच्या वडापावसाठी. पण मॅडमनी मला वेडच लावलं! लाटांनी मुळं उघडी पाडलेली सुरूची झाडं दाखवली. वाळू वाहून गेल्यावर खालून निघालेला काळा चिखल दाखवला, त्यात खारफुटीचे कुजके बुंधे. म्हणाल्या, "समुद्र काही हजार वर्षांत पुढे आलाय, मागे गेलाय. लिहून कोणी ठेवलं नाही, पण थरांत राहिलंय. आज भरतीचं पाणी जिथे पोचत नाही, तिथे जमिनीत शिंपल्यांचा थर मिळाला, तर समजा, कधीतरी तिथे किनारा असावा."

असावा, म्हणाल्या बाई. मी ऐकलं, होताच!

झालं! त्या क्षणापासून मी जमिनीकडे बघूनच चालायला लागलो. सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा.

आणि सोमवारी, मुद्दाम सुट्टी टाकून, मी मामांच्या परसात उभा. जेसीबीनं पडलेल्या माडाच्या बुडाशी दात घातला, माती उचलली आणि खड्ड्याच्या भिंतीत काय दिसावं? शिंपले! पांढरेशुभ्र! एक पांढरा थर, त्यावर एक काळा, वर माती, पुन्हा पांढरा, पुन्हा काळा. कमरेइतक्या उंचीपर्यंत नुसते पट्टेच पट्टे.

"थांबाऽऽ!" मी असा ओरडलो की शेजारच्या वाडीतला कुत्रा दावं तोडून पळाला.

मामा धावत आले. "काय झालं, जावयबापू? साप हाय का?"

"मामा, साप नाही, समुद्र आहे! हे बघा. पांढरा थर म्हणजे समुद्र आला. काळा थर म्हणजे समुद्र गेला, इथे खारफुटी उगवली आणि कुजली. पुन्हा पांढरा, पुन्हा समुद्र आला. आला, गेला, आला, गेला!"

मामांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. डोकं खाजवलं. "अवो, पन त्या शिंपल्या म्हंजे आपल्या घरच्या—"

"आपल्या घरच्याच तर! केवढं भाग्य आहे आपल्या घराचं!"

"तसं न्हाय. तिथं माडाच्या आळ्यात ही—"

"मामा, तुम्ही शांत बसा. हा शास्त्राचा विषय आहे."

आणि मामा बसले की हो शांत! त्या घरात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मी ताकाला दूध म्हटलं तर मामा त्यात साखर घालतील. तेव्हा मला ही माणसं फार चांगली वाटायची. आता कळतं, एवढं चांगलं असू नये माणसानं.

जेसीबीवाला म्हणाला, "साब, काम बंद है तो मैं जाऊं? सोपारा में दूसरा काम है. फिर बारिश के बाद ही मिलूंगा."

"जाव," मी म्हटलं. "विज्ञान के लिए जाव!"

तो गेला. मामा जेसीबीच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग मोगऱ्याकडे. मी काय करत होतो? मी कपडे वाळत घालायची दोरी सोडून खड्ड्याभोवती बांधत होतो.

नीलिमाला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, "तू आधी आईला विचार." मामी, म्हणजे सासूबाई, केळव्याला बहिणीच्या घरी लग्नाला गेल्या होत्या.

"आईला काय विचारायचंय? आईंना भूगर्भशास्त्रातलं काय कळतं?"

हे वाक्य नीलिमानं जपून ठेवलंय. सणासुदीला काढते.

मग मी खड्ड्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'समुद्र इथवर आला होता. पुन्हा येणार!' पहिला फोन परब काकांचा. "अहो, मी तळमजल्यावर आहे. कधी येणार ते नक्की सांगा, मी हॉलला नवीन टाइल्स घ्यायला निघालोय."

"घेऊ नका," मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक बघायला यायला लागले. निर्मळहून आले, गासहून आले. कोणीतरी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी हातात वेळूची काठी घेऊन एकेक थर समजावून सांगत होतो, आणि मामा प्रत्येकाला चहा देत होते. चार-पाच जणांना मी परत पाठवून "जरा मागून या, घोळका जमला की सांगतो," असंही म्हटलं. मोगऱ्याला कोण पाणी घालणार? त्याच खारट विहिरीचं पाणी मामा संध्याकाळी तांब्यानं, अगदी थोडं थोडं, औषध पाजावं तसं घालायचे. मला ते दिसत होतं बरं का. पण म्हटलं, एवढा मोठा शोध, थोडा त्याग हवाच. त्याग मामांचा, शोध माझा!

शेवटी मॅडम आल्या. परब काका त्यांना घेऊन आले, टाइल्सचं काय ते एकदाचं ठरवायला. योगायोगानं त्याच सकाळी मामी केळव्याहून परतल्या होत्या, आत बॅग उघडत होत्या. नीलिमाही सुट्टी घेऊन आली होती. मॅडम खड्ड्यात उतरल्या. भिंग काढलं, ब्रश काढला. एक शिंपला उचलला, दुसरा उचलला. दोन्ही शेजारी ठेवून मापं ताडून पाहिली.

"किती हजार वर्षं?" मी विचारलं.

"यात पिल्लं कुठे आहेत?" त्या म्हणाल्या.

"कसली पिल्लं?"

"शिंपल्यांची. समुद्र लहान, मोठं, फुटकं, झिजलेलं, सगळं मिसळून टाकतो. हे सगळे एका मापाचे आहेत. आणि सगळे खायच्याच जातीचे, तिसऱ्या आणि कालवं. समुद्र असा चवीनं निवडून आणत नाही. आणि हा काळा थर कुजलेल्या खारफुटीचा नाही. ही चुलीची राख आहे."

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण आम्ही तासगावचे! माझ्या डोक्यात वीज चमकली.

"म्हणजे आदिमानव!" मी ओरडलो. "मॅडम, इथे आदिमानव राहत होता! खाऊन टरफलं इथेच टाकत होता!"

मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी इथे बसून खाल्लंय, एवढं नक्की."

"आणि किती खाल्लंय! बघा, परब काका, एकेका बैठकीत केवढा ढीग! काय खादाड असेल हो! एवढं खाऊन हा दुसरं काही काम करत असेल असं वाटत नाही. नुसतं यायचं, बसायचं, ओरपायचं आणि आडवं व्हायचं. रानटीच! बायकांना उरत तरी असेल का काही?"

मागून नीलिमाचा खोकल्यासारखा आवाज आला. मामा आभाळाकडे बघत होते.

"दादा, जरा सरका," मॅडम म्हणाल्या. अगदी खालच्या पांढऱ्या थरात काहीतरी चमकत होतं. त्यांनी ब्रशनं माती झाडली आणि अलगद एक वस्तू बाहेर काढली. स्टीलची वाटी! मॅडमनी ती पदरानं पुसली आणि कडेवर कोरलेलं मोठ्यानं वाचलं, "चि. दिगंबर व चि. सौ. कां. नीलिमा यांच्या विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट."

दिगंबर म्हणजे मी.

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगो बाई, माझी वाटी! कवाधरना शोधतेय हिला! शिंपल्यांबरोबर आळ्यात गेली वाटतं." मग दोरी बघितली, हळदकुंकू बघितलं, परब काका बघितले. "आनि हे काय चाललंय माझ्या उकिरड्यात?"

नीलिमानं हसू आवरत माझ्या समुद्राचं सांगितलं. मग मामींनीच सगळं उलगडून दाखवलं. माडाला शिंपल्या आणि राख चांगली, म्हणून जेवणं झाली की त्या सगळं आळ्यात टाकायच्या आणि वर माती ओढायच्या. "आमी दोघं काय खातो? मूठभर. जावयबापू येतात तवाच तिसऱ्या टोपलीनं येतात. दिवाळीला आले, एक थर. श्रावनाच्या आधी आले, एक थर. शिमग्याला आले—"

आला, गेला, आला, गेला! मंडळी, तो समुद्र मी होतो.

"मामा!" मी जवळजवळ रडकुंडीला आलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून सांगतोय. पन जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं कसं, तुमीच सांगा."

मॅडम मात्र हसता हसता थांबल्या. मामांना विहिरीचं विचारलं. पिशवीतून लांब दांड्याचं गिरमिट काढलं आणि खड्ड्याच्या तळाला फिरवायला लागल्या. माझ्या वाटीच्याही बरंच खालून वाळू आली. जाडी, झिजलेली, त्यात नखाएवढे शिंपले, फुटके, लहानमोठे, सगळ्या जातींचे. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "ही आहेत पिल्लं. हा खरा जुना किनारा. तुम्ही इतके दिवस याच्या डोक्यावर उभे राहून भाषण देत होता."

मग मामांना म्हणाल्या, "काका, इथे खोल विहीर काढू नका. वरती पावसाचं गोडं पाणी आहे, त्याखाली खारं. समुद्र चढतोय हे खरं, पण आपणही पंप लावून लावून ते खारं पाणी वर ओढतो. तुमच्याकडे बावखल आहे ना?" बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं तळं. मामांचं गाळानं भरून गेलं होतं. "ते उपसा. पावसाचं पाणी तिथे जिरू दे."

"म्हणजे मी खोदकाम थांबवलं ते बरंच केलं!" मी म्हटलं.

कोणी ऐकलंच नाही.

जेसीबीवाल्याच्या हातापाया मला पडावं लागलं, सोपाऱ्याला जाऊन, हिंदीत. तो आला, बावखल उपसून झालं, आणि पाऊस होऊन गेल्यावर मोगऱ्याला नवी पानं फुटली. मामा पुन्हा बोलायला लागले. जरा जास्तच बोलायला लागले.

पण वाटी सापडली त्याच दुपारी मामींनी मॅडमना जेवायलाच बसवलं होतं. तिसऱ्या आणल्या होत्या. जेवता जेवता मॅडम म्हणाल्या, "काका, एक गंमत पाहिलीत? खालचे थर पातळ आहेत आणि वर येताना जाड होत गेलेत."

"खाली नवा जावय होता, बाई, लाजत होता," मामा म्हणाले. "समुद्र वाढतोय का न्हाय, ते तुमी शिकलेली मानसं बगा. हे वाढतायत, ते मला दर दिवाळीला दिसतंय."

यावर मी काहीच बोललो नाही. बोलणार कसा? तोंड भरलेलं होतं.