वीस गुणांचा किल्लेदार

त्या पावसाळ्यात मी कुरवंड्याच्या वरच्या पठारावर एका पत्र्याच्या चौकीत नोकरीला होतो. काम इतकंच, की सकाळी सात ते संध्याकाळी सात दर तासाला तळ्यातल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलंय ते वाचायचं आणि फोनची मूठ फिरवून खालच्या मुख्य चौकीला आकडा सांगायचा. चौकीच्या दोन्ही अंगांनी ओढे. आषाढात ते भरले की खाली उतरण्याचा विषय संपला. तांदूळ-डाळ आठवड्यातून एकदा येई, तीही ओढ्यानं मनावर घेतलं तर. धुकं इतकं, की चौकीतून तळं दिसत नसे. पट्टी गाठायला बांधलेल्या दोरीला धरून जायचं आणि दोरीला धरूनच यायचं.

फोनची तार मात्र एकच होती. पाचही चौक्या तिच्यावर टांगलेल्या, त्यामुळे एकानं तोंड उघडलं की पाचांनी ऐकावं. आकडे सांगून झाले की कोणीच फोन ठेवत नसे. त्यातूनच मुख्य चौकीतल्या आबांनी तो खेळ काढला.

एका किल्ल्याची लढाई, दोघांनी राखायचा आणि दोघांनी घ्यायचा. नकाशा आबांनी आखून शिध्याबरोबर प्रत्येकाला पाठवला. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि प्रत्येकाला वीस गुण. ते जोर, चाल आणि जीव यांत आपल्या मर्जीनं वाटायचे. जोर जितका तितक्या कवड्या फेकायला मिळणार, जितक्या उताण्या पडतील तितका समोरच्याचा जीव कमी. चाल जितकी तितकी घरं पुढं. दर तासाला एक पाळी. कवड्या आबा त्यांच्या पितळी ताटात फेकत, आणि तो खडखडाट पाचही चौक्यांत ऐकू येई.

माझ्या खाली, कुरवंडे गावातल्या चौकीवरचा गडी घोडेस्वार झाला. लोणावळ्याच्या तळ्यावरचा तिरंदाज. वैद्य व्हायला कोणी तयार नव्हतं. शेवटी लोहगडवाडीखालच्या चौकीवरचे गृहस्थ म्हणाले, "मी होतो." बौद्ध झालेल्या घरातले, माझ्याहून चार वर्षांनी मोठे आणि दोन इयत्ता जास्त शिकलेले. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "आबा, गुण सगळ्यांना वीसच ना?"

"वीसच."

"मग झालं."

मी अर्थातच किल्लेदार. शहाणा होतो ना. रात्रभर डोकं लढवून मी वीसच्या वीस गुण जिवात घातले. जोर शून्य, चाल शून्य. म्हणजे मला वार करता येणार नाही, जागचं हलता येणार नाही. पण मी दरवाजात उभा, आणि मी जिवंत असेपर्यंत आत कोणी शिरणार नाही. वर माझ्या बाजूला वैद्य, दर पाळीला सहा जीव परत देणारा. इतरांनी माझी नक्कल करू नये म्हणून मी एक नियमही घालून घेतला: एकदा वाटलेले गुण दसऱ्यापर्यंत, म्हणजे चौक्या उठेपर्यंत, बदलायचे नाहीत. मेला तरच नवा डाव, तोही निम्म्या गुणांनी.

पहिला आठवडा मी राजा होतो. स्वार आणि तिरंदाज दोघं मिळून मला कुटत, वैद्य मला पुन्हा भरत.

"ह्यो मानूस हाय का जातं?" स्वार म्हणे. "लय दळलं, पर झिजंना."

मी खूश. वैद्यबुवा खूश नव्हते, हे कळायला मला वेळ लागला.

एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "किल्लेदार, आठ दिवस मी तुमच्या जखमा बांधतोय. मला डोंगरापलीकडं काय आहे ते बघायचंय. मी निघालो."

"तुम्ही माझ्या बाजूचे आहात."

"बाजूचा आहे, बांधलेला न्हाई."

मला वाटलं, आता स्वार आणि तिरंदाज तुटून पडतील. पडले नाहीत. त्यांनाही माझा कंटाळा आला होता. त्यांनी वेढा उठवला, नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि एका खिंडीवरून आपापसांत जुंपली. वैद्य ज्याला लागेल त्याला बरा करत फिरू लागले. तारेवर हसणं, शिव्या, डावपेच. माझी पाळी आली की आबा विचारत,

"किल्लेदार?"

"उभा आहे."

"बरं. स्वार?"

दिवसाला तेरा वेळा. मला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, खेळात नाही आणि चौकीतही नाही. बाहेर दोन ओढे, आत मी. फोन कानाला लावून मी दुसऱ्यांचा पावसाळा ऐकत बसायचो. वेढा उठल्याच्या चौथ्या दिवशी मी विनोद केला, कोणी हसलं नाही. खिंडीत काहीतरी जोरात चाललं होतं. पाचव्या दिवशी आबा मला विचारायचंच विसरले. दसऱ्याला दोन महिने होते, आणि या चार आवाजांखेरीज मला माणूस नव्हतं.

मी म्हणालो, "आबा, गुण पुन्हा वाटून घेऊ या का? सगळ्यांसाठीच बरं."

"त्यो नेम तुमीच घातलाय न्हवं?" स्वार म्हणाला. "आमी न्हाई म्हनलो व्हतो."

"मग कोणीतरी येऊन मला मारा."

तिरंदाज म्हणाला, "तिकडं यायला सहा पाळ्या लागतात हो. परवडत नाही."

मरणाची भीक मागून ती न मिळालेला किल्लेदार मावळात मीच असेन. दोन दिवस मागितली. शेवटी वैद्य म्हणाले, "येतो मी."

वैद्यांचा जोर दोन. दोन कवड्यांनी वीस जीव काढायचे. कधी एक जाई, कधी दोन, कधी काहीच नाही. दर तासाला खडखडाट, आणि मग वैद्यबुवांचं विचारणं: "दुखलं का?" त्या निमित्तानं बोलणं होऊ लागलं. त्यांनी विचारलं, सगळे गुण जिवातच का घातले? मी म्हणालो, हरायचं नव्हतं. ते म्हणाले, "हरला न्हाईत. पण खेळलात कुठं?" मी पट्टीवरचा आकडा पुन्हा सांगितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मेलो. वैद्यांनी आबांकडून दोनदा खात्री करून घेतली.

आता दहा गुण. पंधरा-अठरा दिवस एका जागी उभं राहिलेल्या माणसानं काय करावं? मी नऊ चालीत घातले, एक जिवात. आबा म्हणाले, "किल्लेदार, ईचार करा." केला नाही. पहिल्याच पाळीला नऊ घरं धावलो, ओढे ओलांडून, डोंगर ओलांडून, थेट खिंडीत, तिरंदाजाच्या पुढ्यात. त्याला नेमही धरावा लागला नाही. एक कवडी उताणी पडली आणि मी पुन्हा गेलो.

असं हसणं त्या तारेवर पुन्हा कधी ऐकलं नाही. आबांना तर ठसकाच लागला.

उरले पाच. मी कागद पुढं ओढला, पेन्सिल उचलली आणि थांबलो.

"वैद्यबुवा," मी म्हणालो, "हे पाच कसे घालू? तुम्ही सांगा, मी लिहितो."

"आधी हे सांगा," ते म्हणाले, "तुम्हाला जायचं कुठं?"

हे मी अजून ठरवलंच नव्हतं. चौघंही फोन धरून थांबले होते.