वच्छलाबाईने आणलेला कवड्या

वच्छलाबाई मारभते सकाळी साडेसातला माशांची टोपली घेऊन माझ्या ओट्यावर टेकायची आणि पाच मिनिटांच्या आत माझ्याशी भांडायला लागायची. मी शालिकराम, या गावच्या शाळेत एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतो. सगळे मला गुरुजी म्हणतात आणि मी सांगेन ते मुकाट्याने मान्य करतात. अख्ख्या सावली तालुक्यात माझ्या तोंडावर मला चूक म्हणणारी ही एकच बाई, आणि तिची शाळा चौथीत सुटलेली.

ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या घरची ती. आधी बापाबरोबर तलावात उतरली, मग नवऱ्याबरोबर, आणि नवरा गेल्यावर एकटीच. आता साठीला टेकली होती. अंगाने काटकुळी, आवाज मात्र तलावाच्या या काठावरून त्या काठाला जाणारा. एकुलता एक मुलगा निकेश मालवाहू गाडी चालवायचा. तो म्हणायचा, माय, आता तलावात जाऊ नको. ती म्हणायची, घरी बसून काय भिंती चाटू?

आमचं पहिलं भांडण वामीवरून झालं. वाम म्हणजे लांबोडकी, सापासारखी वळवळणारी मासळी. टोपलीत ती दिसली तेव्हा मी नाक मुरडून म्हणालो, "हा सापाचा भाऊ मला नको."

तिने वामीचे कल्ले उचकटून ती माझ्या नाकासमोर धरली. "गुरुजी, तुमी पोट्ट्याइले शिकवता अन् असं बोलता? हे गलफडे पाहा. सापाले गलफडे रायतात का? लांब झाली म्हणून का साप झाली?"

मला राग आला, कारण ती बरोबर होती. दिसण्यावरून नातं ठरत नाही, आत काय आहे त्यावरून ठरतं, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगत होतो आणि ही बाई ते विळीवर शिकली होती. मासा चिरा, बेडूक चिरा, कोंबडी चिरा, आतलं सामान पुष्कळसं तेच, असं ती म्हणायची. मग मीही ओट्यावर बसून सांगायला लागलो. फार फार पूर्वी या सगळ्यांचा पूर्वज एकच होता. प्रत्येक पिढीत पिलं थोडी थोडी वेगळी निपजतात. त्यातली जी त्या जागी तगतात त्यांचीच पुढे पिलं होतात, आणि असं करता करता एका घराण्याची हजार घराणी होतात.

"म्हंजे उंदीर बी आपल्या नात्यातला?"

"लांबचा. पण नात्यातला."

"मंग लग्नात त्याले पत्रिका काऊन नाई देत जी?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारची बाई घाबरून बाहेर आली.

एकदा गोष्ट कवड्या सापावर आली. कवड्या बिनविषारी, पण अंगावर पांढरे पट्टे असे की लोक त्याला मण्यार समजतात. मण्यार म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत जहरी सापांपैकी एक. मी तिला सांगितलं की हे दोघे दिसायला भाऊ असले तरी जवळचे नातलग नाहीत. मण्याराचा जवळचा भाऊबंद म्हणजे नाग, जो त्याच्यासारखा मुळीच दिसत नाही. कवड्याच्या पूर्वजांपैकी जे चुकून जरासे मण्यारासारखे दिसले, त्यांना खाणारे प्राणी घाबरले. ते वाचले, त्यांची पिलं वाचली, आणि पिढ्यान् पिढ्या ते सोंग पक्कं होत गेलं.

"गरिबानं पोलिसाची टोपी घातली म्हणा ना," वच्छलाबाई म्हणाली. "पन मंग वळखाचं कसं?"

इथे मी शेफारलो. खडू आणला आणि ओट्यावर दोन साप काढले. "अगदी सोपं आहे. मानेपासून पट्टे असतील तर कवड्या. मान कोरी असेल आणि पट्टे मागून सुरू होत असतील तर मण्यार. आणि कवड्या दिसला तर आणा, पोरांना दाखवीन."

तिने ते दोन साप बराच वेळ निरखले. तिच्यासारखी मन लावून ऐकणारी पोरं मला एकोणीस वर्षांत चारदोनच भेटली असतील.

सप्टेंबरातल्या एका सोमवारी ती आली ती टोपलीशिवाय. हातात लोणच्याची प्लास्टिकची बरणी होती आणि झाकणाला भोकं पाडलेली.

"गुरुजी, तुमचा कवड्या आणला."

वच्छलाबाईच्या घरची एक रीत होती. जाळ्यात मासा सोडून जे काही अडकेल ते मारायचं नाही, आणि त्यासाठी जाळंही कापायचं नाही. कासव असो की पाणसाप, एकेक फास बोटांनी सोडवून त्याला मोकळं करायचं. त्या सकाळी हा साप कुंपणावर वाळत घातलेल्या जाळ्यात गुंतला होता. तिने मान पाहिली. पट्टे अगदी मानेपासून होते. मग तिने नेहमीसारखे फास सोडवले, आणि नेहमीसारखं मोकळं न करता त्याला माझ्यासाठी बरणीत घातलं.

मी बरणी उजेडात धरली. करंगळीएवढा जाड, चकचकीत काळा, आणि पट्टे खरंच मानेपासून. क्षणभर मला आनंद झाला. मग मी त्याची पाठ पाहिली. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग होती, बाकीच्यांपेक्षा मोठ्या, षटकोनी खवल्यांची. ती कवड्याला नसते. शिवाय कवड्या हातात धरला तर चवताळून चावत सुटतो. हा मात्र वेटोळ्याखाली डोकं खुपसून गरिबासारखा पडला होता, आणि दिवसाउजेडी असा कोण पडतो ते मला माहीत होतं. तो मण्यार होता. लहान मण्यार. मण्याराच्या पिलांना कधी कधी मानेपर्यंत पट्टे असतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि खडू हातात घेताना सोयीस्कर विसरलो होतो. एका जातीचे सगळे जीव एकसारखे नसतात, त्या फरकावाचून उत्क्रांतीचं पाऊलच पुढे पडत नाही, हे दरवर्षी दहावीला शिकवणारा मीच.

मी बरणी ओट्यावर ठेवली. "चावला का?"

"फास सोडवता सोडवता मुंगीवानी लागलं जरासं. रगत बी नाई आलं."

"केव्हा?"

"सूर्य निघून राह्यला होता." म्हणजे दीड तास होऊन गेला होता.

"बाई, इथेच बसा. हात हलवू नका."

ती हसली. "काऊन जी, तुमचं तोंड पांढरं पडलं?"

मी तिला मण्यार म्हणून सांगितलंच नाही. माझी जीभच रेटेना. निकेशला फोन केला, तो गाडी घेऊन आला आणि आम्ही सावलीकडे निघालो. वाटेत ती म्हणाली, पोटात कळ मारते. थोड्या वेळाने म्हणाली, "गुरुजी, रस्ते दोन दोन दिसून राह्यले." तिच्या पापण्या खाली येत होत्या. ती कपाळाला आठ्या घालून त्या वर ओढायची आणि त्या पुन्हा खाली यायच्या. तेव्हा मी जसा घाबरलो तसा जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

सावलीच्या दवाखान्यात लगेच सापाची लस टोचली, आणि श्वासाचं यंत्र लागेल म्हणून ॲम्बुलन्सने गडचिरोलीला पाठवलं. तिच्या उशाशी बसून माझं डोकं भलतंच काही आठवत होतं. मण्यार आपलं विष माणसासाठी बनवत नाही. ते उंदरासाठी असतं, दुसऱ्या सापांसाठी असतं. मज्जातंतू जिथे स्नायूला हुकूम देतो, नेमक्या त्या सांध्यावर ते जाऊन बसतं. तो सांधा उंदराचा आणि वच्छलाबाईचा जवळजवळ एकसारखा आहे, कारण दोघांनाही तो एकाच जुन्या पूर्वजाकडून मिळालाय. लांबचं नातं, असं मी ऐटीत सांगितलं होतं. ते नातं माझ्या डोळ्यांदेखत तिचा श्वास बंद करत होतं. लसही घोड्याच्या रक्तात तयार होते. घोड्याने केलेला बचाव माणसाच्या अंगात काम करतो तोही त्याच नात्यापायी, आणि कधी कधी अंग त्याला परकं म्हणून झिडकारतंही. मी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या घोड्याच्या पाया पडत होतो.

वैनगंगेच्या पुलावर तिची वाचा गेली. तिने माझं मनगट धरलं होतं. पूल संपेपर्यंत तिची बोटं सैल पडली.

गडचिरोलीत तिच्या घशात नळी घालून यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले, जे विष आधीच चिकटून बसलंय ते लसीने सहजी सुटत नाही. मज्जातंतू सावरेपर्यंत यंत्रानेच श्वास द्यायचा, दोन दिवस लागतील नाहीतर चार. आणि त्यातून सावरेलच असंही सांगता येत नाही.

संध्याकाळपर्यंत ती पूर्ण निश्चल झाली. डॉक्टरांनी पापणी वर करून बॅटरी मारली तर बाहुलीसुद्धा आकसली नाही. निकेशने ते पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसला. "गेली का जी माय?" त्याने मला विचारलं. मला वाटत होतं, गेली. तिथली नर्स नीलिमा मात्र तिच्याशी बोलत होती. "बाई, नळी साफ करते हां, जरा त्रास होईल." "बाई, कूस बदलते." मेल्यागत पडलेल्या माणसाशी कसलं बोलणं, म्हणून मी मनात चिडलो. मला सगळ्यांचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघांना पाच मिनिटं आत सोडलं. एका बाजूला निकेश, एका बाजूला मी, मध्ये ती. यंत्र फस्स फस्स करत होतं. निकेशने आईचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुजी, एक गोष्ट विचारू? माय म्हनत होती का मानेपासून पट्टे असले का कवड्या रायते. तिले हे कोनं सांगतलं? तुमी?"

निकेश अंगापिंडाने दांडगा आहे. पण मी त्याच्या हाताला भ्यालो नाही. गावात मला कोणी गुरुजी म्हणणार नाही, शाळेत चौकशी होईल, पोरांचे आईबाप माझ्याकडे बोट दाखवतील, ह्याने बाई मारली म्हणतील, असं सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं. मी इतका भ्यालो की मला विचारच करावा लागला नाही.

"मी असं कधी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो. "तुझ्या आईने अर्धवट ऐकलं असेल."

निकेशने मान हलवली. त्याने विश्वास ठेवला. गुरुजी खोटं कशाला बोलतील? ओट्यावर खडूने काढलेले साप पुसले गेले त्याला कितीतरी दिवस झाले होते. आता एकच साक्षीदार होती आणि ती तिथे पडली होती. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात असं काही आलं की ते मी इथेही लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पायाचं बोट हललं. दुपारी भुवया हलल्या. चौथ्या दिवशी पापण्या अर्ध्या उघडल्या, आणि पाचव्या दिवशी नळी काढली. मी व्हरांड्यात उभ्या उभ्या रडलो. डॉक्टर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाई धीराची आहे. मण्याराच्या विषात हेच भयंकर असतं. माणसाचं बोट हलत नाही, डोळा उघडत नाही, लोकांना वाटतं संपलं. पण तो शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. म्हणून तर आमच्या नर्सबाई बोलत राहतात."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. मी घरी पळून जाणार होतो, पण निकेश मला हाताला धरून आत घेऊन गेला.

तिला साध्या वॉर्डात आणलं होतं. गावातली दहाबारा माणसं खाटेभोवती जमली होती. ती उशीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. कोणीतरी विचारलं की एवढी जाणती बाई तू, मण्यार हातात धरलाच कसा? निकेशनेही विचारलं, "सांग ना माय. मानेपासून पट्टे म्हंजे कवड्या, हे तुले कोनं सांगतलं होतं?"

तिने पाण्याचा घोट घेतला. गिळताना तिचे डोळे मिटले. मग उघडले आणि सरळ माझ्यावर आले. मी खिडकीजवळ उभा होतो.

आवाज पार फाटला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "गुरुजीनं असं कदी सांगतलंच नवतं," ती म्हणाली. "मीच अर्धवट आयकलं."

शब्दाला शब्द माझाच होता. तो खाटेपाशी मी निकेशला बोललो होतो आणि तेव्हा तिथे आम्ही तिघंच होतो.

माणसं हळहळली. निकेश पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. "गुरुजी, माफ करा जी. मी तुमच्यावर शक घेतला. तुमी नसते तर माय गेली असती." तो खाली वाकला आणि सगळ्यांसमोर त्याने माझे पाय धरले. वच्छलाबाई बघत होती. मी ते धरू दिले.