तव्यावर शेकलेले बत्तीस ठोकळे

मंगळवारची भर दुपार, टोपी बाजारातलं शिक्केवाल्या नानांचं दुकान, आणि मी तिथे बसून तव्यावर लाकडाचे ठोकळे शेकतोय... पोळ्या शेकाव्यात तसे. हसू नका, मामला सिरियस होता.

ऋजुता माझ्या वर्गात होती. म्हणजे ती शेवटपर्यंत होती, मी नव्हतो. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडलो, जर्नल टेबलावर आपटलं आणि निघालो तो परत गेलोच नाही. आता स्टेशनजवळ, पडावला, मामाच्या फोटोकॉपीच्या दुकानात बसतो.

ती कागदाची कार्डं करते. त्यासाठी तिच्याकडे शिक्के आहेत, पण नुसती रबरं... मागे लाकूड नाही, मूठ नाही. पानं, चिमण्या, पतंग, प्राजक्ताची डहाळी, अशी बत्तीस. हवं ते रबर एका पारदर्शक ठोकळ्यावर चिकटवायचं, छाप मारायचा, काढून परत फाइलमध्ये. अख्खी दौलत एका पातळ फाइलीत.

महिन्यापूर्वी तिने ती फाइल माझ्याकडे दिली. डिझाइनच्या कोर्ससाठी ती बडोद्याला जाणार होती, तयारीत वेळ नव्हता. "मागे चिकटणारा फोम लावून दे. बस, और कुछ मत करना," एवढंच म्हणाली.

मी और कुछ केलं.

सागवानाचे बत्तीस ठोकळे कापून आणले. घासले, पॉलिश केले आणि एकेक रबर पक्क्या सोल्युशनने चिकटवलं. बोटांची सालं निघाली. मग सगळं एका खोक्यात भरून गेल्या रविवारी माधवगंजला तिच्या घरी घेऊन गेलो.

खोकं उघडून ती बघतच राहिली. "अरे, पण हे मी नेऊ कसं?"

"मग नको जाऊस ना!"

हसत म्हणालो असतो तर निभावलं असतं. मी ओरडलो... तिच्या आईसमोर. आणि खरं सांगू? ठोकळे कापतानाच कुठेतरी मनात होतं. मला तिचं सामान जड व्हायला हवं होतं.

तिने खोकं माझ्याकडे सरकवलं. "मला माझी फाइल पाहिजे. जशी दिली होती तशी. गुरुवारी माझी गाडी आहे."

घरी येऊन मी तावातावाने सुरी घेतली आणि पहिलंच रबर ओढलं. प्राजक्ताची डहाळी... मधोमध फाटली. तिची सगळ्यात लाडकी. त्यानंतर दुसऱ्याला हात लावायची हिंमतच झाली नाही.

म्हणून नाना. वय ऐंशीच्या पुढे, दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. त्यांनी खोक्यात डोकावून बघितलं.

"हे चिकटवलं कोणी?"

"मीच."

"और ये फाडलं कोणी?"

"तेही... मीच."

"वा! बडे होनहार आहात."

मग त्यांनी स्टोव्ह पेटवून तवा ठेवला. ठोकळा लाकडाच्या बाजूने तव्यावर ठेवायचा, सोल्युशन नरम पडलं की रबराखालून दोरा हळूहळू सरकवायचा. मी जरा झटका दिला की माझ्या मनगटावर चापट! "भैया, गुस्सा घरी ठेवून या. तो रबराला कळतो."

रबर सुटलं की मागचा चिकटा बोटाने चोळून काढायचा, पावडर लावायची, कोऱ्या कागदांमध्ये ठेवायचं. उन्हात नाही... तडकतं.

काम करता करता नाना सांगत होते. रियासत, म्हणजे इथलं संस्थान, विलीन झाली तेव्हा कचेऱ्यांतून पोती भरभरून शिक्के त्यांच्या वडिलांकडे आले. हुकूम एकच, मुठी त्याच ठेवा, रबर बदला. रियासतीचं काढून नव्या मध्य भारत राज्याचं लावलं. काही वर्षांत मध्य भारतही गेलं... परत तेच शिक्के, परत तोच तवा, आता मध्य प्रदेश.

"तुमचे बाबा चिडले असतील ना?" मी विचारलं.

"चिडले? रडायचे. जन्मभर दरबाराचे शिक्के केले होते त्यांनी, आणि तेच सोलायचे. पण एक रबर नाही फाडलं. म्हणायचे, जे चाललंय त्याला नीट जाऊ दे."

त्यांनी एक जुनं रजिस्टर काढलं. पानापानांत रियासतीची रबरं, पावडर लावलेली, खारी बिस्किटासारखी कडक झालेली. "आता यांचे छाप उठत नाहीत," नाना म्हणाले, "पण सगळी साबूत आहेत."

स्टोव्हच्या धुराने डोळे चुरचुरत होते, असं समजा.

बुधवारी फाइल घेऊन तिच्याकडे गेलो. ती जमिनीवर बसून एकेक पान उलटत गेली आणि प्राजक्तापाशी थांबली. "हे माझ्याकडून फाटलं. रागात," मी म्हणालो. पुढे 'पण' नाही लावला... बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा.

ती उठली, कात्री आणली. फाटलेल्या कडा गोलाई देत कापल्या. एकीकडे फूल, दुसरीकडे दोन पानं.

"बघ, दोन झाले."

अर्धा क्षण मला वाटलं, त्यातला एक ती मला देईल. तिने दोन्ही फाइलमध्ये ठेवले, समोरासमोर. "थँक यू," म्हणाली आणि फाइल बॅगेत सरकवली. कपड्यांमध्ये कुठे गेली, कळलंही नाही.

गुरुवारी स्टेशनवर गेलो नाही. पण पडावच्या दुकानात सगळ्या अनाउन्समेंट ऐकू येतात... तिच्या गाडीचीही आली. मी मशीनमध्ये कागद भरत राहिलो.

संध्याकाळी ते बत्तीस ठोकळे नानांना देऊन टाकले. त्यांच्यावर आता दुसऱ्या कुणाचं रबर बसेल.

नाना, तव्यासाठी आभार. तिची बॅग हलकी गेली.